दिवे मोजणारा

मंत्रालयाने मला एक पॅड दिलं, एक पेन्सिल,
आणि गळ्यात अडकवायला माझाच चेहरा.
काम सोपं: रात्री नऊनंतर
आसुन्सिओनच्या जुन्या भागात हिंडायचं,
खिडकीत दिवा दिसला
की एक रेघ ओढायची.

राजधानीत राहतं कोण, हे सरकारला खरंच ठाऊक नव्हतं.
पाचला कचेऱ्या सुटतात, सहाला बसगाड्या भरतात,
सातला पाल्मा रस्त्यावर उरतात
बँकांची कुलपं आणि मी.
मी तरी कुठला? सान लोरेन्सोचा.
मोजून झालं की शेवटची बस धरून
राजधानीबाहेर झोपायला जाणारा.

पहिल्या रात्री एकेचाळीस.
दुसऱ्या रात्री एकोणचाळीस. दोन घरं
तिसऱ्याकडे जेवायला गेली असतील, म्हटलं.
वीज आमच्याकडे नदीतून निघते,
शेजाऱ्यांना विकूनही उरते.
कमी पडत होती ती बटण दाबणारी बोटं.

एस्त्रेया रस्त्यावर तिसऱ्या मजल्यावर
दोन्या सेवेरियाना रात्री शिवणयंत्र चालवायची.
यंत्र सुरू झालं की तिचा दिवा
जरासा दचकायचा.
वेन्सेस्लाओ बंद बँकेची राखण करायचा, टॉर्च घेऊन.
त्याची रेघ ओढायची का, मी विचारलं.
लिसेनसियादा सामानिएगो म्हणाल्या,
"टॉर्च राहत नाही, फिरते."

चाकारितातले दिवेही मोजायचे नव्हते.
संसदेच्या पाठीला चिकटून, उतारावर, पाण्यापर्यंत,
एकेका तारेवर सतरा-सतरा घरं;
नकाशात तो भाग करडा.
नदी चढते तेव्हा तीच माणसं
गाद्या, कोंबड्या, टीव्ही घेऊन
वर चौकात येतात
आणि महिनोन्‌महिने राजधानीच्या ऐन मध्यभागी राहतात.
पण माझ्या कागदावर 'खिडकी' छापलेलं होतं.
ताडपत्रीला कुठली खिडकी?

मग योजना आली.
नवी फरशी, क्रमांक घातलेली बाकं,
दर्शनी भिंतींना पिवळा रंग (मागच्या भिंती तशाच),
भाड्यात सवलत, तीन दाखले, दोन जामीन.
परत आलं एक आइस्क्रीमचं दुकान.
ऑगस्टात लापाचो फुलले,
गुलाबी, विनाअनुदान.

उद्घाटनाच्या आदल्या रात्री
मी मोजले चारशे बारा.
पुन्हा पहिल्या कोपऱ्यापासून मोजले. चारशे बारा.
खोटं कशाला सांगू, माझा गळा भरून आला.
भर रस्त्यात उभं राहून घरी फोन केला:
"हेनारा, लोक परत आलेत गं!"
"कुठले लोक?" ती म्हणाली.

साडेदहाच्या ठोक्याला
तीनशे एक्काहत्तर दिवे
एकदम गेले.

माणसं अशी झोपत नाहीत.
कुणी दिवा घालवायला विसरतं,
कुणी पाण्याला उठतं, कुणाचं भांडण
दीडपर्यंत चालतं आणि मग
स्वयंपाकघरात उजेड पडतो, कारण दोघांनाही भूक लागलेली असते.

"टायमर आहेत," सकाळी बाई म्हणाल्या.
"तात्पुरते. उजेड दिसला की भाडेकरू येतो."
पाच वर्षं त्या या योजनेला जुंपलेल्या;
डोळ्यांखाली काळं, टेबलावर कालचा चिपा, एक घास खाल्लेला.
"तुम्ही किती लिहिलेत?"
नऊला चारशे बारा, अकराला एकेचाळीस, मी म्हणालो.
रकाना एकच होता.
त्यांनी पेन्सिल माझ्याकडे सरकवली
आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

रात्री दोन्या सेवेरियानाचा जिना चढलो.
दारात खोकी बांधलेली.
भिंत पिवळी झाली आणि भाडं वाढलं;
पहिल्या तारखेला ती लुकेला निघाली होती, मुलीकडे.
"एवढा शर्ट संपवते," ती म्हणाली, "बस तू."

मी जिन्यात बसलो.
यंत्र चालत होतं, दिवा दचकत होता.
शेवटची बस खालून गेली, तिचा आवाज ऐकला, उठलो नाही.
त्या रात्री राजधानीत
एक माणूस जास्त झोपला.
त्याची रेघ कुणी ओढली नाही.
जिन्याला खिडकी नव्हती.